मोटार-अपघातानंतरचे पहिले सहा महिने

महोत्सवाच्या स्मरणिकेत मंगल गोष्टी याव्यात हेच साहजिक. असे असता अपघातासारखा अभद्र विषय येथे का घ्यावा, असे काही वाचकांना वाटेल. हा लेख लिहावयास बसलो तेव्हा माझ्याही मनात तोच विचार आला. परंतु आपली संस्था निघाली ती अडल्या कुटुंबाच्या पाठीशी उभे राहण्यासाठी. मदतफंडाकडे आशेने येणाऱ्या माणसांत रस्त्यावरील अपघाताने खाली बसलेली घरेही असतात. त्यांतील काही घरांना कायद्याने हक्काची भरपाई मिळू शकली असती; ती मिळाली नाही, कारण पहिल्या काही दिवसांत काय करावयाचे हे कोणी सांगितले नव्हते. ही माहिती घरोघरी पोहोचावी, एवढाच या लेखाचा हेतू.

आपले ग्वाल्हेर वाहत्या रस्त्यांवरचे गाव आहे. आग्र्याहून झांशीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४, शिवपुरीकडे निघणारा ४६ आणि भिंडकडचा ७१९ येथे येऊन मिळतात. लष्कर, मुरार आणि जुने ग्वाल्हेर यांच्यामध्ये दिवसभर स्कूटरी, टेम्पो, ई-रिक्षा आणि मालाच्या गाड्या यांची रीघ असते. आपण कितीही सांभाळून गेलो तरी दुसऱ्याच्या बेपर्वाईचा फटका आपल्याला बसू शकतो. तो बसल्यावर काय करावे याचा येथे विचार करू.

आमच्या घरचा अनुभव

प्रथम आमच्याच घरची चूक सांगतो, म्हणजे पुढील नियमांचे महत्त्व ध्यानी येईल.

२०२३ च्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या धाकट्या बहिणीचे यजमान मुरारहून लष्करकडे स्कूटरवरून येत होते. मागून आलेल्या मालाच्या गाडीने धक्का दिला व ते रस्त्यावर आपटले. लोक जमले. गाडी हाकणारा पोरसवदा होता. तो पाया पडू लागला. जमलेल्यांतल्या चार वडीलधाऱ्यांनी "गरीब आहे बिचारा, सोडून द्या" असा सल्ला दिला. त्याने खिशातून तीन हजार रुपये काढून दिले. यजमानांनी ते घेतले, स्कूटर उभी केली आणि घरी आले. गाडीचा नंबर कोणीच टिपला नाही.

तिसऱ्या दिवशी गुडघा सुजला. दवाखान्यात डॉक्टरांनी "काय झाले?" म्हणून विचारले, तेव्हा पोलिसांची कटकट नको म्हणून त्यांनी "स्कूटरवरून पडलो" असे सांगितले. कागदावर तेच लिहिले गेले. पुढे गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. चार महिने दुकान बंद राहिले. बहिणीने दागिना मोडला. मोठ्या मुलीच्या कॉलेजची फी त्या वर्षी संस्थेच्या फंडातून भरावी लागली. मी वारंवार म्हणे, "वकिलाला विचारू या." त्यावर ते म्हणत, "दादा, कशाला त्या भानगडीत पडायचे?"

शेवटी आठव्या महिन्यात आम्ही एका परिचित वकिलांकडे गेलो. त्यांनी तीनच प्रश्न विचारले. गाडीचा नंबर काय? पोलिसांत रिपोर्ट केव्हा दिला? डॉक्टरांच्या कागदावर अपघात असे लिहिले आहे का? तिन्हींना आमच्याकडे उत्तर नव्हते. अपघात झाला होता, दुखापत खरी होती, चूकही दुसऱ्याची होती; परंतु कागदाच्या जगात तो अपघात घडलाच नव्हता.

त्या गाडीवाल्याबद्दल माझ्या मनात राग नाही. गरिबाची दया येणे हा दोष नव्हे. पण एक गोष्ट आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हती. भरपाई सामान्यतः चालकाच्या खिशातून जात नाही. ती गाडीच्या विमा कंपनीला द्यावी लागते. तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा प्रत्येक मोटारवाहनास सक्तीचा आहे तो याचसाठी. तेव्हा रिपोर्ट दिल्याने आपण गरिबाच्या पोटावर पाय देतो, हा समज बहुतेक वेळा चुकीचा असतो.

पहिला तास

सर्वांत आधी जीव. जखमीला सुरक्षित जागी घ्यावे. मात्र मान किंवा पाठ दुखावली असेल तर उगाच ओढाताण करू नये. पोलिसांसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि राष्ट्रीय महामार्गावर असल्यास १०३३ हे क्रमांक घरातील मुलांनासुद्धा पाठ असावेत.

मदत करणाऱ्याने भिण्याचे कारण नाही. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम मान्य केले व २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात तसे कलमच आले. जखमीला इस्पितळात पोहोचविणाऱ्यावर आपले नाव सांगण्याची सक्ती नाही. त्याला अडकवून ठेवता येत नाही, आणि सद्हेतूने केलेल्या मदतीबद्दल त्याच्यावर दावाही लावता येत नाही.

जखमीची सोय लागली की लगेच चार गोष्टी टिपाव्यात. पहिली, धडक देणाऱ्या गाडीचा नंबर. आपल्या जिल्ह्याच्या गाड्या एम.पी. ०७ ने सुरू होतात. परंतु गाडी बाहेरगावची असू शकते, म्हणून पूर्ण नंबर घ्यावा. आज बहुतेकांच्या हाती छायाचित्र काढणारा फोन असतो. नंबराची पाटी, दोन्ही गाड्यांची स्थिती, रस्त्यावरील चाकांच्या खुणा व आसपासची ओळखीची खूण यांची छायाचित्रे गाड्या हलविण्यापूर्वी घ्यावीत. दुसरी गोष्ट, चालकाचे नाव आणि परवाना. तिसरी, पाहणाऱ्या दोघातिघांची नावे व फोन, अर्थात विनंती करून. चौथी, जवळच्या दुकानावर कॅमेरा असल्यास त्याची नोंद; असली चित्रे थोड्या दिवसांत पुसली जातात, म्हणून पोलिसांना त्याच दिवशी सांगावे.

या वेळी तीन गोष्टी टाळाव्यात. चालकाला मारहाण करू नये. त्याने आपलाच पक्ष दुबळा होतो. "माझीच चूक झाली असेल" असे घाबरून बोलू नये. आणि रस्त्यावर पैसे घेऊन आपसात मिटविल्याचा कागद कधीही लिहून देऊ नये. शरीराचे खरे नुकसान किती, हे पहिल्या तासात डॉक्टरलाही सांगता येत नाही.

पहिला दिवस

इस्पितळात डॉक्टरांना खरे ते सांगावे: "अमुक ठिकाणी, अमुक वेळी, अमुक गाडीने धडक दिली." असे सांगितल्यावर इस्पितळ वैद्यकीय-कायदेशीर नोंद करते व पोलिसांस कळविते. हीच पुढील साऱ्या इमारतीची पहिली वीट. जयारोग्य रुग्णालयात जा की खासगी दवाखान्यात, ही नोंद झाली की नाही हे घरच्या माणसाने विचारून घ्यावे.

खर्चाच्या भीतीने उपचार लांबवू नयेत. केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये लागू केलेल्या योजनेप्रमाणे रस्ते-अपघातातील जखमीला नेमलेल्या इस्पितळात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळू शकतात. इस्पितळात पाय ठेवताच या योजनेची चौकशी करावी.

त्यानंतर पोलीस. रिपोर्ट शक्यतो त्याच दिवशी द्यावा. अपघात दुसऱ्या थान्याच्या हद्दीत घडला म्हणून परत पाठवू लागले, तर सांगावे की १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कोणत्याही थान्याला खबर नोंदवून घ्यावी लागते. प्रथम सूचना अहवालाची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. ती घेतल्याशिवाय उठू नये. रिपोर्ट घेण्यास नकारच मिळाला तर हकीकत लिहून पोलीस अधीक्षकांकडे टपालाने पाठवावी व टपालाची पावती जपावी. हकीकत सरळ लिहावी, तिला तिखटमीठ लावू नये. आपण हेल्मेट घातले नव्हते किंवा स्कूटरवर तिघे होतो, तर तेही लपवू नये. असत्य पुढे उघडकीस आले की सत्यावरचाही विश्वास उडतो.

आपल्या गाडीचे नुकसान झाले असेल तर आपल्या विमा कंपनीस त्वरित कळवावे आणि त्यांचा पाहणी करणारा येईपर्यंत दुरुस्ती करू नये. आपल्या पॉलिसीत मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा आहे काय, तेही पाहावे. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास तो १५ लाखांचा असतो. परंतु पॉलिसी कपाटात राहते आणि घरच्यांना तिचा पत्ताच नसतो.

पहिला महिना

आता एक जाडसर फाईल करावी. तिच्यात रिपोर्टची प्रत, इस्पितळातील दाखल होण्याचे व घरी सोडल्याचे कागद, एक्स-रे, औषधांची प्रत्येक पावती, जाण्यायेण्याचा खर्च, कामावरील रजेचा दाखला, आणि दुर्दैवाने मृत्यू झाला असल्यास शवविच्छेदनाचा अहवाल व मृत्यूचा दाखला ठेवावा. उत्पन्नाचा पुरावा विसरू नये: पगाराची चिठ्ठी, आयकराचे विवरण, दुकानाची वही, बँकेचे पुस्तक.

येथे आपल्या मराठी घरांची एक खास अडचण सांगणे इष्ट होईल. हिंदी कागदांत 'ळ' टिकत नाही; 'काळे' यांचे 'काले' होतात. एका कागदावर वडिलांचे नाव मधे असते, दुसऱ्यावर नसते. लग्नात सुनेचे नाव बदलण्याची जुनी रीत, त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, रेशनकार्डावर सासरचे आणि बँकेत तिसरेच. मरण पावलेल्या माणसाची पत्नी तीच ही बाई, हे सिद्ध करण्यातच महिने जातात. तेव्हा अपघाताची वाट न पाहता आजच घरातील सर्वांचे कागद समोर ठेवून नावे जुळतात का ते पाहावे.

पोलिसांचेही काही कर्तव्य ठरलेले आहे. १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे त्यांनी अपघाताची पहिली माहिती ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत मोटार दुर्घटना दावा अधिकरणाकडे द्यावयाचा असतो. तपास करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव लिहून ठेवावे व अहवाल गेला का, हे अधूनमधून नम्रपणे विचारावे.

सहा महिने

दावा अधिकरणाची व्यवस्था फार जुनी नाही. पूर्वी मृताच्या वारसांना १८५५ च्या कायद्याखाली दिवाणी कोर्टात जावे लागे. १९३९ च्या मोटार कायद्यात १९५६ साली दुरुस्ती होऊन राज्यांना असली अधिकरणे नेमता येऊ लागली. चालकाची चूक सिद्ध न करताही काही ठरावीक रक्कम मिळावी, ही तरतूद १९८२ मध्ये आली. सध्याचा कायदा १९८८ चा असून त्यातील भरपाईचे प्रकरण २०१९ च्या दुरुस्तीने बदलले व १ एप्रिल २०२२ पासून अमलात आले.

या बदलातील सर्वांत महत्त्वाची ओळ अशी की, भरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करावयाचा. ही मुदत न्यायालयात आव्हानित झाली आहे. म्हणून जिची मुदत टळली त्या घरानेही वकिलाला विचारल्याशिवाय आशा सोडू नये. परंतु पुढील निकालाच्या भरवशावर कोणी स्वस्थ बसू नये. घरात मृत्यू झाला असेल तर दिवसकार्य आणि सुतकाच्या उदासीत दोन महिने सहज जातात. म्हणून तेरावा झाला की घरातील कर्त्या माणसाने पंचांगावर सहाव्या महिन्याच्या तारखेवर खूण करावी.

अर्ज कोठे करावा? अपघात जेथे घडला तेथे, अथवा अर्जदार राहतो किंवा व्यवसाय करतो तेथे, अथवा प्रतिवादी राहतो तेथे. आपली मुले पुण्याला किंवा बंगळूरला असतात. तेथे अपघात झाला तरी येथे राहणाऱ्या आईवडिलांना ग्वाल्हेरच्या अधिकरणात अर्ज करता येतो. ही सवलत पुष्कळांना ठाऊक नाही.

मार्ग तीन आहेत. पहिला कलम १६६ चा: चालकाची चूक दाखवून पूर्ण भरपाई मागणे. दुसरा कलम १६४ चा: चूक सिद्ध न करता मृत्यूबद्दल ५ लाख व गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख. हा मार्ग सोपा खरा. पण ही रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा मोठा दावा संपतो, म्हणून सही करण्यापूर्वी हिशेब करावा. तिसरा मार्ग, गाडी पळून गेली व शोध लागलाच नाही तर: मृत्यूबद्दल २ लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल ५० हजार. त्याचा अर्ज त्या भागाच्या एस.डी.एम. अथवा तहसीलदाराकडे जातो. मात्र यासही पोलिसांतील नोंद लागतेच.

हिशेबाची रीत

भरपाई न्यायाधीशाच्या मर्जीवर ठरते असे अनेकांना वाटते. तसे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा प्रकरणात व ३१ ऑक्टोबर २०१७ च्या प्रणय सेठी प्रकरणात रीत घालून दिली आहे. एक उदाहरण पाहू.

समजा, ३८ वर्षांचा दुकानदार अपघातात गेला. मासिक उत्पन्न २० हजार. मागे पत्नी, दोन मुले व आई, असे चार आश्रित. चाळिशीच्या आतील स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यास पुढील वाढीसाठी ४० टक्के मिळवितात. झाले २८ हजार. आश्रित चार ते सहा असल्यास त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा. राहिले २१ हजार. वर्षाचे २ लाख ५२ हजार. ३६ ते ४० वयासाठी गुणक १५. म्हणजे ३७ लाख ८० हजार. शिवाय अंत्यविधी, सहवासाची हानी इत्यादींच्या ठरावीक रकमा वेगळ्या.

आता हेच उत्पन्न कागदाने १० हजारच सिद्ध झाले, तर रक्कम बरोबर निम्मी, १८ लाख ९० हजार होईल. माणूस तोच, दुःख तेच. फरक फक्त वहीचा. जे व्यापारी बंधू उत्पन्न कमी दाखविण्यात शहाणपण मानतात, त्यांनी हा हिशेब रात्री निवांतपणे आपल्या पत्नीसमोर मांडून पाहावा.

गृहिणीचे मोल

"बाई काही मिळवत नव्हती, तिची कसली भरपाई?" असा उद्गार आजही कानी येतो. १९७७ मध्ये आपल्याच मध्य प्रदेशातील एका बस-अपघाताचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. नोकरी करणारी तरुण पत्नी दगावली होती. भरपाई ठरविताना पती स्वतः मिळवता आहे व तो पुन्हा विवाह करू शकेल, हेही तेव्हा विचारात घेतले गेले. काळ पालटला. ५ जानेवारी २०२१ रोजी दिल्लीतील एका जोडप्याच्या अपघाती मृत्यूच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने स्पष्ट सांगितले की, घर सांभाळणाऱ्या स्त्रीच्या श्रमाला आर्थिक मूल्य आहे आणि तिचे अनुमानित उत्पन्न धरूनच भरपाई ठरवावी. स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, सासूसासऱ्यांची शुश्रूषा हे काम गेल्यावरच त्याची किंमत कळते. आता ती कायद्यालाही कळली आहे. तेव्हा आई, पत्नी किंवा वहिनी जखमी झाली तर दावा करण्यास संकोचू नये.

वकील आणि संस्था

वकील ओळखीचा, निदान विचारपूस करून घेतलेला असावा. कोऱ्या कागदावर सही देऊ नये, फी आधी ठरवून लिहून घ्यावी आणि भरपाई थेट आपल्या बँक खात्यात येईल असे पाहावे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुले, अपंग, अनुसूचित जातिजमातींचे लोक व अल्प उत्पन्नाचे लोक यांना जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळतो. त्याचा फोन १५१०० आहे.

आपल्या संस्थेपुढे या निमित्ताने एक नम्र सूचना ठेवतो. प्रत्येक मोहल्ल्यात निदान एक सभासद असा असावा की, अपघाताची वार्ता येताच तो इस्पितळात जाईल. जखमीच्या घरचे त्या वेळी गोंधळलेले असतात. रक्त आणणे, डबा पोहोचविणे हे आपण करतोच. त्याबरोबर नोंद झाली का, रिपोर्टची प्रत घेतली का, फाईल केली का, एवढे विचारणारे एक माणूस हवे. फंडातून देता येणारी मदत मर्यादित आहे. परंतु पहिल्या दिवशी धरलेला हात त्या घराला फंडापेक्षा कितीतरी अधिक मिळवून देऊ शकेल.

आमच्या बहिणीचे यजमान आता हिंडूफिरू लागले आहेत; जिना मात्र कठड्याला धरूनच चढतात. लेखाचा मसुदा त्यांना वाचून दाखविला, तेव्हा आपली हकीकत छापण्यास त्यांनी आनंदाने संमती दिली. इतकेच म्हणाले, "दादा, ते 'पडलो' तेवढे ठळक लिहा." वाचकांनी एवढे जरी ध्यानात ठेवले, तरी या लेखाचे श्रम सार्थकी लागले असे मी समजेन. हा लेख कोणाच्याही घरी उपयोगी पडण्याची वेळ न येवो, हीच प्रार्थना.